आदमची सव्वा मूठ

उखर्डू आबांच्या हातून आयुष्यात एकदाच मूठ चुकली, आणि तीही सगळ्या भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत.

कानबाईचे गहू मोजायचे चालले होते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, पाळण्यातल्या पोरापासून खाटेवरच्या म्हाताऱ्यापर्यंत झाडून सगळ्यांच्या. आधी नाव उच्चारायचं, मग मूठ टोपलीत सोडायची. त्या गव्हाचे रोट कुळातल्यांनीच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. माहेरी आलेल्या लेकीलासुद्धा नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. देवीचा कायदा कडक. तो मोडला तर काय होतं हे कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच आजवर तो मोडायची कोणाची छाती झालेली नाही.

मूठ घेण्याचा मान थोरल्या घराचा, म्हणजे आबांचा. गिरणेकाठच्या त्या गावात, भडगावपासून चार-पाच मैलांवर, त्यांच्या कुळाची बत्तीस नावं होती आणि ती आबांना तोंडपाठ होती. शुक्रवारी सकाळी ओसरीवर घोंगडी अंथरली, टोपली ठेवली, भाऊबंद गोल बसले. आबा एकेक नाव घेत गेले. एकतीस नावं झाली. बत्तिसावं नाव नेहमी भाईदासचं, आबांच्या थोरल्या भावाचं. आबांनी मूठ भरली, ती डोळ्यांसमोर धरली, आणि म्हणाले, "आदम."

गहू टोपलीत पडले.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते जीवरामनानांनी. जीवराम म्हणजे आबांचा चुलतभाऊ, दोन वर्षांनी धाकटा. कुळाचे रीतिरिवाज सांभाळण्याचं काम कोणी न सांगता त्यांनी अंगावर घेतलं होतं. कोणाच्या लग्नात हळद कोणत्या हातानं लागली यावर ते तासभर बोलू शकत.

"भाऊ, हाऊ आदम कोन?"

"कोन आदम?" आबांनीच उलट विचारलं.

"तुम्हीनच तं म्हनं आते."

आबांनी टोपलीकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. खरंच, म्हटलं होतं. का म्हटलं ते त्यांनाही सांगता येईना. घामानं टोपीची कड भिजली.

"पोऱ्या शे एक," ते कसेबसे म्हणाले. "दूर ऱ्हास. सुदानमा."

"कोन जातना?"

"माले काय ठाव! उपाशी शे."

आता ही सुदानची भानगड कुठून आली ते सांगायला हवं. महिन्यापूर्वी आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला लेकीकडे राहिले होते. दवाखान्यातल्या नर्सनं त्यांचं नाव दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा हसली. उखर्डू! कोणी आपल्या पोराला उकिरड्याचं नाव ठेवतं का? ठेवतं. भाईदासच्या पाठीवरची दोन लेकरं दगावल्यावर हे तिसरं झालं, तेव्हा मायनं सुइणीला सांगून त्याला उकिरड्यावर ठेवलं, मग सुपात उचलून घरात आणलं आणि नावच उखर्डू ठेवलं. यमानं नाव ऐकून नाक मुरडावं आणि पुढच्या गल्लीत जावं, एवढाच हिशेब. यम अजून पुढच्याच गल्लीत आहे.

पट्टी निघाल्यावर त्या नव्या डोळ्यानं आबांनी पहिली स्वच्छ गोष्ट पाहिली ती दिपमालाच्या मोबाइलवर. दिपमाला, त्यांची लेक, धुळ्यात औषधांच्या दुकानात कामाला. सुदानात लढाई चाललेली, शेतं ओस, माणसं छावण्यांत. तिकडच्या उपाशी लोकांना धान्य आणि औषध पुरवणाऱ्या एका संस्थेला ती दर महिन्याला आपल्या पगारातून काही देई आणि कॉलनीतल्या बायकांनाही द्यायला लावी. त्या संस्थेचा व्हिडिओ होता. एक बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली, आणि दुसरी बाई त्या पोराच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळून बघत होती. पट्टी लाल रंगावर थांबली.

"हाई काय करी राह्यनी ती?" आबांनी विचारलं होतं.

"दंड मोजतात, आबा. पोर किती खंगलंय ते त्यावरून कळतं. डोळा उघडा ठेवा, औषध घालायचंय."

"नाव काय त्यानं?"

"डोळा उघडा ठेवा ना!"

"नाव काय पोऱ्यानं?"

"आदम," दिपमाला म्हणाली होती आणि डोळ्यात थेंब सोडला होता.

त्या दिवसापासून आबांना एकच गोष्ट छळत होती. त्या पोराचा दंड आपल्या मुठीत मावेल, मावून वर जागा उरेल. जेवताना, विडी ओढताना, बैल सोडताना त्यांची मूठ आपोआप मिटे आणि ते तिच्याकडे बघत बसत. शुक्रवारी गव्हाची मूठ डोळ्यांसमोर धरली तेव्हाही हेच झालं असावं. पण हे ओसरीवर सांगणार कसं? म्हातारपणी चळ लागला म्हणतील.

"जाऊ द्या," एक जण म्हणाला, "तेवढे गहू काढी टाका."

"पडेल मूठ मांगे लेवाय नही," जीवरामनाना ताडकन म्हणाले. त्यांना आबांपेक्षा कायदा प्यारा. "नाव लिनं, मूठ पडनी, पोऱ्या कुळमा उना. आते भाईदासनी एक मूठ येगळी ल्या. तेहतीस व्हईनात."

आबांनी भाईदासचं नाव घेऊन सव्वा मूठ सोडली. सगळे उठायला लागले, तेवढ्यात जीवरामनानांनी हात वर केला.

"पन तो पोऱ्या जिवत शे ना?"

पुन्हा सगळे बसले.

नानांचं म्हणणं बिनतोड होतं. मेलेल्या माणसाच्या नावानं मूठ घ्यायची नसते. आणि कुळातलं माणूस गेलेलं असलं तर सुतक, सुतकात कानबाई बसत नाही. रविवार परवावर आलेला. नाव तर निघून गेलं. आता तो सुदानातला पोऱ्या आहे की नाही, यावर गिरणेकाठच्या बत्तीस माणसांची कानबाई अडकली.

लगेच दिपमालाला फोन लागला. नानांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पोरी, तो आदम जिवत शे का नही, इतलंच सांग."

तिला समजून घ्यायलाच पाच मिनिटं गेली. मग ती म्हणाली, "नाना, असं एकेका पोराचं कळत नसतं. आपण देतो ते सगळ्या छावणीला जातं. व्हिडिओ कधीचा आहे तेही मला माहीत नाही."

"मंग इचार."

"कोणाला विचारू?"

"जेस्ना हातमा तू पैसा देस, त्यास्ले. आम्हले शनिवारना सांजलगुन खबर पायजे."

फोन ठेवून नाना आबांकडे वळले आणि जे इतकी वर्षं कोणी बोललं नव्हतं ते बोलून गेले. "खबर नही उनी तं नाव काढनं पडी, भाऊ. मंग सारखाच न्याय. भाईदासनंबी काढनं पडी. बावन-त्रेपन वरीस व्हई ग्यात."

भाऊबंद उठले, आबा उठले नाहीत. ते तसेच घोंगडीवर बसून राहिले.

बहात्तरच्या दुष्काळात भाईदास सतरा वर्षांचा होता आणि उखर्डू अकराचा. सरकारी खडी फोडायला दोघं मायबरोबर जात. संध्याकाळी मिलोची, म्हणजे रेशनच्या लाल ज्वारीची, भाकर असे. ती मिलो जहाजातून आली, परक्या मुलखातली आहे, एवढंच लोकांना माहीत होतं. कोणी पाठवली ते कोणी विचारलं नाही. भाईदास आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा उखर्डूकडे सरकवायचा. "माले भूक नही," म्हणायचा. सतरा वर्षांचा, दिवसभर घण चालवलेला पोऱ्या, आणि भूक नाही! उखर्डूला ते खोटं आहे हे कळत होतं, आणि कळत असूनही तो खात होता. एका सकाळी भाईदास सुरतेकडे जाणाऱ्या लोकांबरोबर निघून गेला, घरातलं एक तोंड कमी व्हावं म्हणून. त्याचं ना पत्र आलं, ना निरोप. पुढच्या श्रावणात भाऊबंद म्हणाले, त्याची मूठ बंद करू. तेव्हा माय चुलीपुढून उठून ओसरीवर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "खबर नही उनी, म्हंजे शे." खबर आली नाही, म्हणजे तो आहे, एवढाच तिचा न्याय. मूठ चालू राहिली. भाईदासच्या वाट्याचा रोट आधी माय खायची, ती गेल्यावर आबा खाऊ लागले.

आणि आता एका चुकलेल्या मुठीनं सगळंच टांगणीला लागलं.

तो दिवस आणि पुढचा दिवस आबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आपण कोणासाठी देवाला विनवतोय हेच त्यांना उमगेना. आदम जगावा म्हणून, की आदम जगला तर भाईदास जगेल म्हणून? ज्याला कधी पाहिलं नाही त्या पोरासाठी जीव तुटतोय, का त्याच्या आडून भावासाठी? की उगाच आपला गव्हात हात घातलाय म्हणून भीती वाटतेय? शेतात निघाले ते नदीवर पोचले. बैलाला पाणी दाखवायला गेले आणि बादली विसरून परत आले. बायको, भिकूबाई, म्हणाली, "नवा डोयाना पैसा वाया ग्यात. तुम्हले काहीच दिसत नही." एरवी आबांनी दोन शब्द सुनावले असते, आज नुसते हं म्हणाले.

गंमत म्हणा की काय म्हणा, गावात त्या दोन दिवसांत सुदानखेरीज विषय नव्हता. ज्यांना धुळ्यापलीकडचा नकाशा ठाऊक नाही ते पारावर विचारत होते की तिकडे पाऊस का नाही, लढाई कोणाची, धान्याच्या गाड्या अडवतं कोण. पोऱ्याची माय जवळ आहे ना, एवढं तरी बरं, असं बायका म्हणत होत्या. एरवी असल्या बातमीवर बोट फिरवून पुढं जाणारी माणसं. पण आता पोऱ्या कुळातला होता, त्याचं काही झालं तर सुतक यांना होतं.

शनिवारी दिवेलागणीला फोन आला. ओसरी भरलेली.

"नाना, चौकशी केली," दिपमाला म्हणाली. "आहे तो. जिवंत आहे. दूध प्यायला लागलाय. बसवा तुम्ही कानबाई."

सगळ्यांनी मोकळा श्वास सोडला. कोणीतरी 'कानबाई माय की जय' म्हणालं. नाना समाधानानं मिशीवरून हात फिरवू लागले. आबा मात्र दाराच्या चौकटीला धरून उभे होते. दिपमाला लहानपणी पुस्तक न उघडताच 'अभ्यास व्हई गया' असंच म्हणायची. भरभर, मध्ये श्वास न घेता.

पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर दोन्ही नावं गेली असती.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, फुलांची वेणी चढवली, रात्रभर गाणी झाली, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन पोचवली. रोट वाटले गेले. आबांनी आपला खाल्ला, भाईदासचा नेहमीसारखा डोळे मिटून खाल्ला. आदमचा मात्र त्यांनी घास मोडला, तोंडाजवळ नेला आणि परत ठेवला. उपाशी पोराच्या वाट्याचं खायचं? एकदा खाल्लं होतं, भावाचं. ते अजून पचलेलं नाही.

भिकूबाईनं तो रोट फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला. रोज काढून दाखवायची आणि विचारायची, "आज खातंस का?" रोट वाळत चालला आणि पौर्णिमा जवळ येत चालली.

इकडे जीवरामनानांनी वेगळंच काढलं. बुधवारी ते दादर ज्वारीचं पोतं बैलगाडीत घालून आबांच्या दारात उभे राहिले.

"आपला भाऊबंद उपाशी आनि आपन रोट खाई राह्यनूत, हाई कोन्ता शास्तरमा बसस?"

आबा बघतच राहिले. देवळाच्या वर्गणीलाही हा माणूस मागच्या दारानं पसार व्हायचा. पण आता प्रश्न दानाचा नव्हता, रीतीचा होता, आणि रीतीपुढे नानांचा नाइलाज होता. त्यांनी घरोघर फिरून तेच वाक्य ऐकवलं. कोणी दादर दिली, कोणी मूग दिले, एका घरानं केळीचा घड काढला तेव्हा नानांनी डोक्याला हात लावला. सगळं भडगावच्या बाजारात विकलं आणि आलेले पैसे दिपमालाकडे धाडले. तेव्हापासून नाना रोज सकाळी आबांच्या अंगणाशी थांबून विचारू लागले, "पोऱ्यानी खबर?" आणि आबा रोज मान हलवून काहीतरी पुटपुटत.

पौर्णिमेला दिपमाला भावाला राखी बांधायला आली. राखी झाली, जेवणं झाली. ताटात रोट सोडून सगळं होतं. तिनं मागितला नाही, कोणी दिला नाही. दुपारी आबा ओसरीवर एकटे बसले होते, पुढ्यात फडक्यातला रोट. दिपमाला जवळ येऊन बसली.

"आबा, मी खोटं बोलले."

"ठाव शे. भरभर बोलनी तू."

"मी विचारलं होतं, खरंच विचारलं होतं. ते म्हणाले, एकेका मुलाची माहिती देता येत नाही. मला काही माहीत नाही, आबा. तो असेल, नसेलही. मी खोटं बोलले नसते तर नानांनी भाईदासकाकांचं नाव काढलं असतं. मला तेवढंच दिसत होतं."

आबांनी मान हलवली.

"आणखी एक आहे. त्याचं नाव आदम नाही. व्हिडिओत नाव नव्हतंच. तुम्ही औषध घालू देत नव्हता, नाव काय, नाव काय चाललं होतं तुमचं. मी तोंडाला आलं ते सांगितलं."

आबांना पहिल्यांदा राग आला. मग हसू आलं. मग दोन्ही विरलं आणि फक्त गोंधळ उरला. मग ती मूठ पडली तरी कोणाची? तेहतीस माणसं, एवढी दादर, नानांची ती यातायात, सगळं कोणाच्या नावानं? नसलेल्या पोराच्या? की असलेल्या पण नाव नसलेल्या? ते बराच वेळ फडक्याच्या गाठीशी चाळा करत राहिले. मग हात थांबला.

"खरं नाव कोनले ठाव शे?"

"त्याच्या आईला असेल."

"आनि आठे गावमा सगळा त्याले आदम म्हंतस."

"हो."

"मंग यम आठे उना, आनि पोऱ्या कोठे शे इचारं, तं त्याले कोन सांगी?"

"कोणीच नाही," दिपमाला म्हणाली.

"बेस करं तू," आबा म्हणाले. आवाज हलका झाला होता. "मनी मायनी हाईच करं व्हतं. खोटं नाव ठेवं, म्हनीसन मी राह्यनू."

"आबा, असं नसतं हो. त्याला धान्य लागतं, दूध, औषध लागतं. नावानं पोर वाचत नाही."

"ते तू धाडी राह्यनी ना? धाडत ऱ्हाय. कमी पडनं तं मनाकडथाईन ले. नावनं तेवढं माले देखू दे."

त्यांनी फडकं सोडलं. रोट दगडासारखा झाला होता. एक तुकडा मोडून तोंडात घातला आणि चावत राहिले. दाताखाली मिलोच्या भाकरीसारखा खरखरला. गिळताना डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही डोळ्यांतून, नव्या आणि जुन्या. दिपमालानं तांब्या पुढे केला. आबांनी पाणी घेतलं आणि दुसरा तुकडा मोडला. उन्हं अंगणातून भिंतीवर चढेपर्यंत त्यांनी तो सगळा रोट संपवला, कण ठेवला नाही.

तेवढ्यात अंगणाशी काठी वाजली. जीवरामनाना. त्यांनी आधी रिकामं फडकं पाहिलं, मग दिपमालाकडे पाहिलं.

"लेक उनी वाटतं. पोऱ्यानी खबर काय?"

दिपमालानं तोंड उघडलं, पण आबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"नही उनी," आबा म्हणाले.

नानांची नजर आबांच्या ओल्या डोळ्यांवर गेली, तिथून चुलीच्या खोलीच्या दाराकडे गेली, जिथून एके काळी त्यांची काकू, आबांची माय, उठून ओसरीवर आली होती. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"मंग दोन्हीबी जिवत शेत," ते म्हणाले आणि काठी टेकत घराकडे निघाले.